इतिहासात बीए आणि मग एमबीए : जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बारावी कला शाखेतून 81 टक्के मिळवून पास झाली आहे. इतिहासाची आवड, वाचन भरपूर, पण पुढे तिला कंपनीत, ‘बिझनेसच्या बाजूला’ जायचंय. तिचे मामा म्हणतात, सरळ बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) घे, इतिहास घेऊन काय शाळेत शिकवायचंय? लिबरल आर्ट्स आणि मॅनेजमेंट एकत्र शिकवणाऱ्या खासगी विद्यापीठांची फी तुम्ही पाहिलीत आणि दचकलात. दहावीला गणितात 58 होते, त्याचीही धास्ती आहे. आणि शेवटी सहज लिहिलंय, की डोंबिवलीत स्टेशनजवळ तुमचं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे.

त्या शेवटच्या वाक्याकडे मी परत येणार आहे, ते विसरू नका.

आधी उत्तर: जमतं. मी केलंय. गिरगावातल्या मराठी शाळेतून आले, इतिहासात बीए केलं, मार्केट रिसर्चमध्ये लागले, मग घरगुती वापराच्या वस्तू विकणाऱ्या कंपन्यांत गेले. त्याला आता चोवीस वर्षं होतील. अधूनमधून एमबीएच्या मुलांना शिकवते आणि दर जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या सरावाच्या मुलाखती घेते. पण ज्या क्रमाने मी हे केलं, त्या क्रमाने तुमच्या लेकीने करू नये. ते का, हे सांगायला एक तेलाची गोष्ट सांगावी लागेल.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका खाद्यतेलाच्या कंपनीचा पाच लिटरचा कॅन चाळींच्या भागात उठत नव्हता. लिटरमागे हिशेब केला तर तो एक लिटरच्या पिशवीपेक्षा स्वस्त पडायचा, तरी बायका पिशव्याच न्यायच्या. चारशे घरांचा सर्व्हे झाला. बहुतेक फॉर्मांवर खूण होती, ‘महाग वाटतो’. कंपनीला ते पटेना, आणि बरोबरच होतं त्यांचं.

काळाचौकीच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत मी फॉर्म पिशवीत टाकून दीड तास बसले. इतिहास शिकलेल्या माणसाला एक खोड लागते. कागद काय म्हणतो हे वाचण्याआधी तो कोणी, कोणासमोर, कशासाठी लिहिला हे बघायचं. ‘महाग’ हे उत्तर आमच्या पोरांनी दारात उभं राहून, घरातली पुरुष माणसं ऐकत असताना घेतलेलं होतं. काकू मेथी निवडत होत्या. अर्ध्या तासाने कधीतरी म्हणाल्या, “अगं, मोठा डबा घरात आला की हात सैल होतो. सुनेचा होतो, माझाही होतो. पिशवी संपली की कळतं, कॅन कधी संपला कळतच नाही. आणि शेजारची वाटी घेऊन आली तर पिशवी दाखवून नाही म्हणता येतं. कॅन समोर दिसतोय म्हटल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

महिन्याला घरात तेल किती लागेल हे ठरवायची सत्ता काकूंच्या हातात होती, आणि तो कॅन ती काढून घेत होता. हे दारातल्या पोराला त्या कशाला सांगतील? ‘महाग’ म्हटलं की पोरगा पुढच्या दारी जातो.

मी फार खूश होऊन ऑफिसात आले. कॅनला मापाचं झाकण लावा, एका झाकणात रोजचं तेल, अशी सूचना मांडली. आमचे साहेब दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “छान. याचे पैसे किती?” मला काही सुचेना. पैसे म्हणजे कुठले पैसे? बाजूला सिडनहॅममधून बीकॉम झालेला सहकारी बसला होता. त्याने माझ्याच रिपोर्टचं शेवटचं पान उलटं केलं आणि पेन काढलं.

आकडे बदलून सांगते, रीत तीच. महिन्याला 40,000 कॅन जातात. कॅनमागे कंपनीला 18 रुपये सुटतात. झाकणाचे दोन रुपये वाढले की जे कॅन आत्ता जातायत त्यांच्यावरच महिन्याला 80,000 रुपये गेले. झाकणाच्या साच्याला आठ लाख, दोन वर्षांत वसूल करायचे म्हटले तर महिन्याला आणखी 33,000 च्या वर. झाले साधारण 1 लाख 13 हजार. नव्या कॅनमागे आता 16 रुपयेच सुटणार. म्हणजे महिन्याला सात हजारांवर जास्तीचे कॅन गेले, तर कुठे आपण होतो तिथे राहतो. जवळपास अठरा टक्के वाढ, नफा शून्य. त्याने पान माझ्याकडे सरकवलं आणि चहा प्यायला गेला.

निरीक्षण बरोबर होतं आणि सूचना चूक होती. कंपनीने पुढे दोन लिटरची बाटली काढली. तिचा साचा दुसऱ्या मालासाठी त्यांच्याकडे आधीच होता. चाळीत ती चालली.

मी पुढच्या वर्षी एमएमएमला, म्हणजे मार्केटिंग मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर पदवीला, नाव घातलं. नोकरदारांसाठी मुंबई विद्यापीठाचा संध्याकाळचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दिवसभर फील्ड, संध्याकाळी वर्ग, रात्री साडेदहाला जेवण. अकाउंट्सच्या पहिल्या चाचणीत मला 50 पैकी 11 मिळाले. ज्याच्याकडून आपल्याला पैसे यायचेत तो ‘नावे’ (डेबिट) कसा, यावर मी खरोखर रडले आहे. आणि हे सगळं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, इतिहास शिकताशिकता, दुपारच्या वेळात सहज शिकता आलं असतं. कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर गणित सुटलं याचाच आनंद इतका होता, की कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तेव्हा मामांच्या प्रश्नापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो: ती इतिहास आवडतो म्हणून घेतेय, की गणित टळतं म्हणून? दुसरं असेल तर ना इतिहास कामी येईल ना एमबीए.

लिबरल आर्ट्स हा शब्द आपल्याकडे आता महागड्या कॅम्पसशी चिकटलाय. कोणी त्याचं ‘उदार कला’ असं मराठी करतं, ते ऐकून मला भजनी मंडळ आठवतं. युरोपातल्या जुन्या यादीत या विद्या सात होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. सातांतल्या दोन तर उघड उघड गणित. कला शाखा म्हणजे आकड्यांतून सुटका, ही समजूत त्यात कुठेही नाही. आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुंबईतच बघा. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. 1855 मध्ये कामा कुटुंबाच्या पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले, व्यापार केला. पुढे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन 1867-68 सालचं हिंदी माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न काढलं, तर ते भरलं वीस रुपये. याला इतिहास म्हणा, अर्थशास्त्र म्हणा, नाहीतर दुसऱ्याच्या खातेवहीतली खोट शोधणं म्हणा. मुलीला दाखवायला याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही.

आता व्यवहाराचं. एमबीएला पदवी कुठल्या शाखेची लागते? कुठल्याही. आयआयएमच्या कॅट या प्रवेश परीक्षेला पदवीत 50 टक्के पुरतात, राखीव प्रवर्गातल्या काहींना 45. परीक्षेचे भाग तीन: इंग्रजी वाचन, तर्क आणि माहितीचं विश्लेषण, गणित. प्रत्येकाला 40 मिनिटं. पहिल्या भागात वाचणाऱ्या मुलीला फायदा असतो, पण उतारे इंग्रजीत असतात, म्हणून मराठीबरोबर इंग्रजी वाचन आत्तापासून. अनेक आयआयएम बिगर-इंजिनिअरांना निवडीत थोडे जास्तीचे गुण देतात. राज्याच्या सीईटीत 200 प्रश्नांपैकी गणिताचे 50, तर्काचे 75, आणि चुकीला गुण कापत नाहीत. गणित बरंचसं दहावीच्या पातळीचं: शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग. दहावीच्या 58 वर तीन वर्षं रोज अर्धा तास घातला तर ते होतं. शेवटच्या वर्षी क्लासला दीड लाख भरून होत नाही.

देवनारचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, विसरू नका. 1936 पासूनची संस्था, आणि मनुष्यबळ व कामगार संबंधांचा तिथला अभ्यासक्रम कंपन्यांत फार मानतात. इतिहासाच्या मुलीला तिथे घरच्यासारखं वाटेल. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, मान्यताप्राप्त युनियन एक आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्यावर, हे ज्याला नीट समजलंय तो कारखान्याच्या फाटकावर कमी चुका करतो. बारावीनंतर थेट एमबीएपर्यंत नेणारा पाच वर्षांचा रस्ताही आहे: आयआयएम इंदूरने 2011 मध्ये सुरू केला, पहिल्या तीन वर्षांत गणिताबरोबर सामाजिक शास्त्रं आणि भाषाही शिकवतात. कला शाखेच्या मुलांना बंदी नाही. फी मात्र पाहून घ्या, तिथेही दचकाल.

बीएमएसबद्दल माझं मत विचारलंय म्हणून सांगते. वाईट नाही. ज्या मुलाला पुस्तक नको पण माणसांत सोडला की रमतो, त्याला मी तेच सांगते. 2024 पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेला, त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी आली, आणि मुंबईतल्या काही कॉलेजांनी नाव बदलून तोच प्रकार बीकॉममध्ये आणला. तेव्हा फॉर्म भरताना नाव नीट वाचा. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याने अजून कुठे महिनाभर काम केलेलं नाही, त्याला ‘नेतृत्वाचे प्रकार’ पाठ करायला लावायचे आणि तीन वर्षांनी एमबीएच्या पहिल्या सहामाहीत तेच पुन्हा. वाचणाऱ्या पोरीची तीन वर्षं त्यात घालवायची मला तरी हौस नाही.

बीएतही आता वाट मोकळी झाली आहे. नव्या धोरणाप्रमाणे मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय) आले. कला शाखेच्या मुलीला वाणिज्य किंवा विज्ञानाकडचा विषय घेता येतो. कागदावर. प्रत्यक्षात कॉलेजकडे जे शिक्षक मोकळे असतात त्यांचेच विषय यादीत असतात, आणि मुलं त्यातला सगळ्यात हलका पकडतात. म्हणून प्रवेशाआधी ऑफिसात जाऊन विचारा: गेल्या वर्षी कला शाखेच्या मुलांना ओपन इलेक्टिव्हला काय काय दिलं होतं? माहितीपुस्तकात काय छापलंय ते नको, खरंच कोणता वर्ग भरला ते सांगा म्हणावं. अकाउंट्सची ओळख आणि सांख्यिकी, या दोन गोष्टी मिळत असतील तर ते कॉलेज घ्या, कटऑफ थोडा कमी असला तरी. मायनर अर्थशास्त्र मिळालं तर उत्तमच.

पण कॉलेज देईल तेवढ्याने भागत नाही. दोन्ही विषय एकाच टेबलावर आणायचं काम मुलीलाच करावं लागतं, आणि ते कसं, हे एका मुलीकडून मी शिकले. सरावाच्या मुलाखतीत इतिहासवाली मुलं आली की मी एकच प्रश्न विचारते: इतिहासाचा इथे काय उपयोग? दहातली नऊ म्हणतात, “त्यामुळे माझी सॉफ्ट स्किल्स वाढली.” हे ऐकून समोरचा माणूस मनातल्या मनात फाईल बंद करतो. आणि हे खरंही नसतं. इतिहास शिकून माणूस गोड बोलायला लागतो असं मी तरी पाहिलेलं नाही, उलट जरा खवचटच होतो.

ही मुलगी म्हणाली, मी टीवायला 1865 च्या शेअर बाजारावर प्रोजेक्ट केला. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा ओसंडला आणि बॅक बेच्या समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपनीसारख्या कंपन्यांचे शेअर आभाळाला गेले. युद्ध संपलं. 1 जुलै 1865 ला वायद्यांची, म्हणजे आधी भाव ठरवून पुढे पैसे द्यायच्या सौद्यांची, मुदत आली आणि शहर बुडालं. इथवर कोणीही सांगतं. तिने पुढे वही उघडली. तिने एक काल्पनिक बँक मांडली होती: ठेवी एवढ्या, आणि शेअर तारण ठेवून शेअर घ्यायलाच दिलेलं कर्ज एवढं. शेअर दहा टक्के पडला तर ताळेबंद असा दिसतो, तीस टक्के पडला तर असा, आणि इथे भांडवल संपलं. “बँक ऑफ बॉम्बेचं मुळात हेच झालं,” ती म्हणाली, “माणसं हावरट होती हे उत्तर मला पुरलं नाही, कारण हावरट ती 1860 लाही असणारच.” मी कागद खाली ठेवला आणि तिला चहा विचारला. सरावाच्या मुलाखतीत मी चहा सहसा विचारत नाही.

तिने हे सगळं कुठे केलं? राज्याचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे. तिथून चालत काही मिनिटांवर राजाबाई टॉवर, ज्याला पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, त्या तेजीच्या नायकानेच. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. डोंबिवलीहून पास काढला की हे सगळं लोकलच्या भाड्यात पडतं. लाखो रुपये फी घेणारी विद्यापीठं वाईट शिकवतात असं नाही, काही फार चांगलं शिकवतात. पण ती ज्याला ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणतात त्यातलं बरंच काही या शहरात फुकट पडलंय.

एक इशारा, तोही गमतीचा. 1953 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या बेल टेलिफोन कंपनीला वाटलं, आपले तरुण साहेब हुशार आहेत पण काही वाचलेलं नाही. त्यांना पगारी रजा देऊन दहा महिने विद्यापीठात साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, कला शिकायला पाठवलं. माणसं खुलली, आत्मविश्वास वाढला. पण कंपनीच्या नफ्यासाठी घर आणि गाव बाजूला सारायची त्यांची तयारी कमी झाली. 1960 पर्यंत कंपनीने तो उपक्रम गुंडाळला. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे होऊ शकतं. कधीतरी ती चांगल्या पगाराच्या बैठकीत विचारेल, “हे विकायचं कशाला?” मी दोनदा विचारलंय. एकदा बढती गेली, एकदा माल बाजारात आलाच नाही आणि वर्षभराने सगळे म्हणाले बरं झालं.

पैशाचं लपवून ठेवत नाही. बीएनंतरची पहिली नोकरी बीएमएसवालीच्या पहिल्या नोकरीपेक्षा बहुधा कमी पगाराची असेल. मामा त्या वर्षी गणपतीत हे बोलून दाखवतील. एक-दोन वर्षं फील्डवर काढून, मग चांगल्या ठिकाणी एमबीए, हा माझा सल्ला. चांगल्या ठिकाणी नाही लागलं तर कुठल्या तरी संस्थेत लाखो रुपये कर्ज काढून घालू नका, आणखी एक प्रयत्न करू द्या किंवा संध्याकाळचा अभ्यासक्रम बघा. सुमार एमबीएपेक्षा चांगलं काम करणारी बीए बरी, हे मी नोकरीसाठी माणसं घेताना पाळलंय.

आता दुकान. तुम्ही ते असं लिहिलंय जणू त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. अहो, फी घेणाऱ्या संस्था मुलांना दुसऱ्याच्या दुकानाची छापील केस देऊन तिच्यावर वर्गात वाद घालायला लावतात. तुमच्या घरात चालू दुकान आहे! त्यात जूनचा मोसम आहे, उधारी आहे, अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्याची महिन्याची मुदत आहे, आणि वरच्या फळीवर कोणीतरी गळ्यात मारलेल्या, तीन वर्षं न खपलेल्या डायऱ्याही असतील.

तिला गेल्या तीन वर्षांची खरेदीची बिलं द्या आणि एका वहीत उतरवायला सांगा: काय आणलं, किती गेलं, किती पडून आहे, त्यात किती पैसा अडकलाय. रोजमेळ तिला लिहू द्या. जमा-नावे मला 11 गुणांनी शिकवलं, तिला तुमची उधारीची वही महिन्यात शिकवेल. मग दुसरं काम. गिऱ्हाइकांशी बोलायचं, पण फॉर्म घेऊन नाही. शाळेची यादी घेऊन येणारी आई नव्या दुकानात का गेली, परत का आली, ऑनलाइन काय मागवते आणि तुमच्याकडे येऊन काय घेते, हे रात्री लिहून ठेवायचं, त्यांच्याच शब्दांत.

आणि पुढच्या वर्षीची वह्यांची ऑर्डर तिला काढू द्या. दोनशे पानी किती डझन, शंभर पानी किती, चौकटीच्या किती, कारण काय, हे मार्चमध्ये तिने तुम्हाला कागदावर मांडून द्यायचं. तुम्ही हिशेब तपासा, पण आकडा तिचाच राहू द्या. पाच-सात हजारांचा माल उरला तर उरू द्या. ज्या खासगी विद्यापीठांची फी पाहून तुम्ही दचकलात, त्यांची एका सत्राची फी त्याहून कितीतरी जास्त आहे.